बिलाच्या तारखेपासून चार महिने

हिशेबात कुसुमला कुणी गाठू शकत नसे, आणि हे तिला स्वतःलाही चांगलं ठाऊक होतं. शिक्षण सातवी. माहेर अमळनेरकडचं, संसार सुरतेला, पांडेसऱ्याच्या दीड खोलीत. नवरा हिलाल तिथल्याच एका प्रोसेस हाउसात, म्हणजे कापड रंगवायच्या मिलमध्ये, रंग तोलायचा. पगार बेताचा, पण नोकरी कायम होती आणि पगाराची पावती मिळायची. कुसुम घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची. पिकोचं मशीन मात्र शेजारच्या शोभाबाईंचं, म्हणून साडीमागच्या दहा रुपयांतले पाच त्यांना द्यावे लागत. सात वर्षं ती ते पाच रुपये देत आली होती आणि दर वेळी तिच्या जिवावर येत होतं.

अठ्ठ्याण्णवच्या नोव्हेंबरात मिलच्या कँटीनमध्ये राकेश नावाचा एजंट आला. गळ्यात टाय, बगलेत दोन बँकांच्या क्रेडिट कार्डांचे फॉर्म. लाल कार्डावर सहा महिने बिनव्याजी आणि फी माफ. निळ्यावर चारच महिने, वर तीनशे रुपये फी. दोन्हींवर महिन्याला थोडी रक्कम भरायची, उरलेल्यावर व्याज नाही. मुदत संपली की मात्र ते असं लागायचं की पगार पुरू नये. योजना महिनाअखेरीस बंद होणार होती. अख्खी मिल लाल कार्डावर तुटून पडली. हिलालसोबत काम करणारा मगन तर रंगीत टीव्हीची जागासुद्धा ठरवून मोकळा झाला.

हिलालही लाल फॉर्म भरूनच घरी आला. अकरा हजारांचं पिको मशीन कार्डावर घ्यायचं असं दोघांचं ठरलं होतं. कुसुमने फॉर्म हातात घेतला.

"तुम्ही इचारं का, सहा महिना कवयपासून धरतस?"

"बिल फाटस तवयपासून. बजारमा आखो कसं मोजतस?"

यात हिलालची चूक नव्हती. सुरतेच्या कापडबाजारात जन्म गेलेल्या कुणालाही विचारा, उधारीचा दिवस बिलाच्या तारखेपासूनच धरला जातो. पण कुसुमला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी तिने मिलच्या फाटकावर राकेशला गाठलं.

"लाल कार्ड बनलं त्या दिवसापासून, बेन," राकेश म्हणाला. "निळ्याचे चार महिने पहिल्या खरेदीपासून. पण हे विचारतं कोण? सहा आकडा बघून सही करतात."

कुसुमने तिथेच बोटांची पेरं मोजली. मशीन मागवल्यावर वीस फेब्रुवारीला मिळणार, बिलही तेव्हाच. साड्यांची खरी गर्दी अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या लग्नांची, आणि साड्या देणारा पर्वत पाटिया भागातला व्यापारी मजुरी देणार पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे जूनमध्ये. लाल कार्डाचे सहा महिने मे महिन्यातच संपत होते. निळ्याचे चार जूनच्या विसापर्यंत पुरत होते.

घरी हिलालने डोक्याला हात लावला. "तीनशे रुपया दिसन दोन महिना कमी लेवाना? मगन हासी मना वर."

"हासू द्या," कुसुम म्हणाली, लाल फॉर्म फाडून चुलीत टाकला आणि हिलालकडून निळा भरून घेतला.

मगन हसलाच. वहिनींना सहा मोठे की चार हेही कळत नाही, असं त्याने कँटीनभर करून ठेवलं. हिलाल मान खाली घालून डबा खायचा. कुसुमला त्याची कीव आली, पण ती हलली नाही.

वीस फेब्रुवारीला निळ्या कार्डावर मशीन आलं. मार्च-एप्रिल तिने मान वर केली नाही. खोलीत पाय ठेवायला जागा नसायची, जिकडे तिकडे साड्याच साड्या. मे उजाडला तरी व्यापाऱ्याचा एक पैसा नव्हता. हिलाल रोज कॅलेंडरवर उरलेले दिवस मोजे. कुसुमलाही आतून धाकधूक होतीच, पण तिने ती त्याला दिसू दिली नाही. मेअखेरीस मगनच्या घरी लाल कार्डाचं बिल आलं. होळीला घेतलेल्या टीव्हीवर व्याज लागलं होतं. होळीपासून सहा महिने धरून मगन सप्टेंबरपर्यंत निर्धास्त होता.

चार जूनला व्यापाऱ्याने पैसे दिले. सोळा तारखेला नवरा-बायको बँकेत गेले. मुदतीला चार दिवस होते. कुसुमने उरलेली सगळी रक्कम भरली, पावतीवर बाकी शून्य असल्याची दोनदा खात्री केली आणि व्याजाच्या रकान्यावर बोट ठेवून कारकुनाला विचारलं, "इथंही शून्यच ना?"

"शून्यच," तो म्हणाला.

तिला इतका आनंद झाला की तिथेच बाकावर बसून घ्यावंसं वाटलं. पण घरी चाळीस साड्या पडल्या होत्या. दुपारी ती मशीनवर बसली आणि पहिली साडी संपवून तिची घडी घातली. या साडीचे दहाच्या दहा रुपये तिचे होते.