चुंबकाला चिकटलेली काजळी

आनंदनगरच्या कंपनीत ठेकेदारामार्फत लागायच्या आधी भिमाबाई रोकडेची वीस वर्षं उल्हासनगरात पितळेच्या कारखान्यात गेली. लेथखालचा चुरा तिच्यापुढं यायचा. चुंबकाला फडकं गुंडाळायचं, चुऱ्यातून फिरवायचं, चिकटेल ते लोखंड झटकून टाकायचं. उरलं ते निव्वळ पितळ. त्या कामात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

इथलं काम वेगळं. पांढऱ्या सिरॅमिक भुकटीत कार्बन नॅनोट्यूबची काळी भुकटी मिसळून चकत्या भाजायच्या. डोळ्यांना न दिसणाऱ्या नळ्या त्या. भिमाबाई त्यांना काजळीच म्हणायची. चकती चुंबकाकडं ओढली गेली की गिऱ्हाईक माल परत पाठवायचं. तसा तीनदा आला.

लॅबमधल्या नीलिमा मॅडम वैतागल्या. "मावशी, काजळीतच लोखंड राहतंय. काढा ना ते नीट. एवढा माल पास होऊ दे, तुमच्या परमनंटचं मी साहेबांशी बोलते."

"आता लोखंड काढायला मला शिकवणार व्हय?" भिमाबाई हसली.

दिवसभर तिनं काजळीतून चुंबक फिरवला. चिकटेल ते झटकून मोरीत सोडलं. पाच वाजता किलोतली पाव किलो उरली. लोखंड फार होतं बाई, असं तिला वाटलं.

मॅनेजर प्रमोदनं डबा काट्यावर ठेवला. "पाऊण किलो कुठाय? कोणाला विकली?"

"मोरीत टाकली साहेब. लोखंड होतं ते."

"एवढा महागाचा माल मोरीत? येडा समजते काय मला?"

शेजारी उभ्या नीलिमाला सगळं उमगलं. नळ्या बनवतानाच लोखंडाचे कण त्यांच्या पोटात अडकलेले. चुंबकानं लोखंडासकट नळ्याच उचलल्या होत्या. सांगायला दोन वाक्यं पुरली असती. पण मग पुढचा प्रश्न आला असता, काढायला सांगितलं कोणी?

"मॅडम, तुम्हीच सांगा ना," भिमाबाई म्हणाली.

"मी ॲसिडनं धुऊन लोखंड विरघळवायला सांगितलं होतं," नीलिमा टेबलाकडं बघत बोलली.

ठेकेदारानं तिचा गेटपास काढून घेतला. गेटवरच्या वैष्णवीनं पिशवी उलटी केली, जेवणाचा डबा उघडला. "मावशी, पदर पण झटका. वरून ऑर्डर आहे."

भिमाबाईनं पदर झटकला. काळी धूळ उडाली.

"लिही," ती म्हणाली, "चोरीचा माल सापडला म्हणून."

वैष्णवीनं काही लिहिलं नाही. पण आनंदनगरातल्या ठेकेदारांत बातमी पसरायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवसापासून भिमाबाईला कुणी मजूर नाक्यावरून कामाला उचललं नाही.