डिलक्स एडिशनमधला अण्णाचा आवाज

माझ्या थोरल्या भावाचं, अण्णाचं, एक गुपित उद्यापासून विकत मिळणार आहे.



आज अण्णाला जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्धासाठी मी पुण्याहून तंजावूरला आलेय, राजवाड्यामागच्या आमच्या घरी. आम्ही इथले पिढीजात मराठी.

अण्णा गिटार वाजवायचा. कॉलेजातल्या पोरांचा बँड, तमिळ पॉप-रॉक, एकच कॅसेट. तेव्हा कोणी ढुंकून पाहिलं नाही. आता म्हणे ती क्लासिक! उद्या तिची डिलक्स एडिशन येतेय. जाडजूड व्हिनाइल तबकडी, फोटोंचं पुस्तक, शिवाय रेकॉर्डिंगच्या वेळच्या गप्पा.

त्या गप्पांनीच घात केलाय.

सेल्वम हा बँडचा गायक, अण्णाचा जिवलग. घशाच्या ऑपरेशननंतर तो कुजबुजल्यासारखं बोलतो. पण कॅसेटमधल्या शेवटच्या गाण्याचा विषय निघाला की ताठ बसतो. अंगात ताप असताना त्याने ते वरच्या पट्टीत गायलं, एका दमात. अख्ख्या गल्लीला हे पाठ आहे, कारण तोच सांगत असतो.

दिवाळीत मी इथे होते तेव्हा तो रेकॉर्ड कंपनीने पाठवलेली फाइल फोनवर घेऊन आला. अण्णा मध्येच मराठीत काहीतरी बोलतोय, पुस्तकात त्याचा अर्थ छापायचाय, तूच सांग म्हणाला.



चारचौघांत कोणाची टिंगल करायची तर आम्ही भावंडं मराठीत करायचो. तमिळ माणसाला काय कळतंय, या भरवशावर. त्या दिवशी स्टुडिओत मीही होते, शाळकरी. अण्णा काय बोलला होता ते साफ विसरले होते.

सेल्वमने फाइल लावली. आधी गिटार जुळवल्याचा आवाज. मग अण्णा, हळू, माझ्याशी.

"तेला ताप आहे गे, गळा चढत नाही. मी गिटार खाले उतरिवलों. तूं तेला सांगूनकोस."

म्हणजे त्याने तारा खालच्या पट्टीत लावल्या होत्या. त्या गाण्यात गिटार आणि ड्रम्स, बस. गिटार उतरलं की गाणंच उतरलं. वरची पट्टी वगैरे काही नव्हतंच.

सेल्वम माझ्या तोंडाकडे बघत होता. काय म्हणतोय तो, त्याने विचारलं.

"कॉफी मागतोय," मी तमिळमध्ये सांगितलं.

तो हसला. अण्णा कॉफीसाठी कसा जीव टाकायचा ते सांगत बसला. सांगता सांगता डोळे पुसले.

पुस्तकात तेच छापलंय. कॉफी.

ते वाक्य काढून टाका, असं कंपनीला सांगता आलं असतं. पण अण्णाचं मराठी बोलणं दुसरीकडे कुठेच नाही. मला ते हवं होतं. खूप हवं होतं.

आता उद्या ज्याला मराठी येतं त्याला सगळं कळणार.

इथली आपली मराठी माणसं देवनागरी वाचत नाहीत, त्यांना एकेकाला फोन करतेय. ही पोस्ट तुमच्यासाठी, तिकडे महाराष्ट्रातल्यांसाठी. तमिळ मंडळींना वगळून टाकलीय, तरी खाली भाषांतराचं बटण आहेच.

ऐका, जरूर ऐका. पण अर्थ कुठे लिहू नका. कमेंटमध्येही नको. सेल्वमकडे आता तेवढं एकच गाणं उरलंय.

आज तो श्राद्धाच्या जेवणाला आला होता. "उद्या सगळे ऐकतील ना?" म्हणाला.

मी हो म्हटलं आणि त्याच्या पानात पायसम वाढलं.

अण्णा, तेला सांगितलें नाही रे.

तू नीट राहा.