तांबड्याच्या कानातला भंडारा

सोलापुरात जनावरांचा दवाखाना चालवणाऱ्या एक डॉक्टर मॅडम आहेत. अक्कलकोटकडच्या, कानडी घरातल्या. रागावल्या की आधी कानडीत बोलतात आणि मग आपल्याला कळावं म्हणून तेच मराठीत. त्यांचं नाव इथं लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. पण आज बंगळूरला मी जे काम करतो ते त्यांनी लावून दिलेलं आहे. आणि त्याच्याही आधी, माझ्यावर कुणाचा विश्वास उरला नव्हता, माझा स्वतःचासुद्धा, तेव्हा त्या माझ्या बाजूनं बोलल्या. म्हणून आधी त्यांचं सांगितलं. आता झालं ते सांगतो.

मी सांगोल्याकडचा. घरची मेंढरं. सातवीत असताना मेंढरं चाऱ्याच्या मुलखाकडं निघाली, त्यांच्या मागं मी निघालो आणि शाळा तिथंच राहिली. पुढं भावाभावांत कळप वाटला गेला, माझ्या वाट्याला फारसं काही आलं नाही, तेव्हा सोलापूर गाठलं. शुक्रवार पेठेत एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी कामाला लागलो. त्यांना मी काकू म्हणायचो. काका वारले होते, मुलगी जर्मनीत, काकूंचे गुडघे कामातनं गेलेले. दळण, भाजी, औषधं, आणि कुत्र्याला फिरवणं हे माझ्याकडं. मागच्या अंगाची खोली मला दिली होती. संध्याकाळी काकू मला लिहायला बसवायच्या. माझं अक्षर बघून म्हणायच्या, "मेंढरं बरी चालतात रे तुझ्या ओळीपेक्षा." आज हे लिहितोय ते त्या बसवण्यामुळंच.

कुत्रा गल्लीतलाच, गावठी. पिल्लू असताना गटारीच्या कडेला काकूंना सापडलेला. रंगानं तांबडा म्हणून मी त्याला तांबडाच म्हणायचो.

काका गेल्यावर काकूंनी आपल्याकडं यावं म्हणून ताई, म्हणजे त्यांची मुलगी, मागं लागल्या होत्या. काकूंची अट एकच, तांबडा येणार असेल तर मी येईन.

"आई, लोक इकडून भारी भारी कुत्री नेतात. तू गावठी कुत्रं घेऊन येणार?" ताई फोनवर म्हणाल्या.

"मी तरी कुठं भारी आहे?" काकू म्हणाल्या. "मी पण सोलापूरचीच."

मग सुरू झालं. मला वाटलं होतं तिकीट काढायचं आणि न्यायचं. तसं नसतं. आधी मानेत तांदळाच्या दाण्याएवढी चिप बसवायची, मग पिसाळण्याच्या रोगाची लस, मग ती अंगात लागू पडली का बघायला रक्त परदेशात पाठवायचं, मग काही महिने थांबायचं. सगळं डॉक्टर मॅडमच्या दवाखान्यात झालं. आणि पिंजरा. विमानात कुत्रा पिंजऱ्यातनंच जातो, त्यामुळं तो आधीपासून घरात ठेवून सवय लावायची असते.

हे मला लई जड गेलं. आमच्यात कोंडतात ती मेंढरं. कुत्रा बाहेर असतो, राखणीला. कुत्र्याला कोंडलं म्हणजे त्यानं काहीतरी गुन्हा केलाय. तांबडा पिंजऱ्याकडं बघायचा आणि माझ्याकडं बघायचा, मला त्याच्याकडं बघवायचं नाही. शेवटी मीच गुडघ्यावर बसून अर्धा आत शिरलो, माझं घोंगडं आत पसरलं आणि तिथनं त्याला हाक मारली. काकू पलंगावरनं हसत म्हणाल्या, "तुम्हा दोघांचं तिकीट काढू का?" तो आला. माझ्या पाठीवर पाय देऊन आला, घोंगड्याचा वास घेतला आणि बसला. त्या दिवसापासून तो तिथंच झोपायला लागला. मी मात्र बाहेर चटईवर पडून विचार करायचो की हा गेला, काकू गेल्या, की आपण कुठं जायचं. घर बंद करून किल्ली शेजारी द्यायची ठरली होती. काकूंनी माझ्यासाठी दोन-तीन ठिकाणी शब्द टाकला होता, पण अजून काही जमलं नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही.

शेवटचा कागद राहिला होता. निघायच्या आधी डॉक्टरांनी कुत्रा तपासून लिहून द्यायचं असतं की हा निरोगी आहे, प्रवासाला चालेल. ते लिहिलं नाही तर विमान त्याला घेत नाही. आणि तो नाही तर काकू नाहीत. ताईंनी फोनवरून बजावलं होतं, "त्याच्या अंगाला काही लावायचं नाही, खायला नवीन काही द्यायचं नाही." मॅडमनीही तेच सांगितलं होतं. मी दोघींना व्हय म्हणालो होतो.

दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी आईचा फोन आला. ती तेव्हा कळपाबरोबर कुठंतरी उसाच्या रानात उतरली होती.

"तांबडा निघाला म्हण की," ती म्हणाली. "भंडारा लावलास का न्हाय?"

"न्हाय अजून."

"मग काय तसाच घालवतो व्हय? आपलं साधं कोकरूबी जात न्हाय तसं."

आमच्यात कळप निघाला की आधी कुत्र्याला भंडारा लागतो, मग मेंढरांना. देवाच्या नावाची हळद ती. कपाळाला चोळायची, चिमूटभर कानात सोडायची, हाक ध्यानात राहावी म्हणून. वर भंडाऱ्यात घोळलेला खोबऱ्याचा तुकडा चारायचा. आणि म्हणायचं, जसा जातोस तसा माघारी ये.

दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी काकू अंघोळीला गेल्यावर मी माझ्या पेटीतली पुडी काढली आणि हे सगळं केलं. चिमूटभरानं भागलं नाही. लांबचा प्रवास म्हणून कपाळ, दोन्ही कान, पोट, सगळीकडं चोळलं. रंगानं तांबडा, त्यामुळं वरनं काही दिसत नव्हतं. आता कुणी म्हणेल, लावू नको म्हणून सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. पण लावायची वस्तू म्हणजे तेल, मलम, पावडर असं मी धरून चाललो होतो. भंडारा त्यात येतो हे माझ्या डोक्यातच आलं नाही. खोबरंही खाणं वाटलं नाही. ते देवाचं होतं.

रिक्षात तांबडा ओकला. खोबऱ्याचा चोथा मी पायानं सारून पुसून घेतला. काकू म्हणाल्या, "घाबरलाय बिचारा."

टेबलावर घेतल्यावर मॅडमनी त्याचा ओठ वर केला आणि थांबल्या. मग कान उलटा केला. मग पोटावरचे केस बाजूला करून कातडी बघितली. कानडीत काहीतरी पुटपुटल्या.

"कधीपासून ओकतोय?"

"आत्ताच. रिक्षात," काकू म्हणाल्या. "का हो?"

"हिरड्या पिवळ्या आहेत. कानपण, पोटपण. डोळे तेवढे साफ दिसतायत, पण कावीळ नाही असं मला रक्त बघितल्याशिवाय म्हणता येणार नाही. आणि कावीळ असली तर काकू, मी सही करू शकत नाही."

काकू खुर्चीवर बसल्या. त्यांनी ताईंना व्हिडिओ कॉल लावला, दोनदा चुकला. मला तोपर्यंत सगळं कळलं होतं. ओठ वर झाला तेव्हाच कळलं. मॅडमनी पायावरचे केस काढले, सुई घातली. मी तांबड्याला धरून होतो. त्यानं अंग झाडलं नाही, नुसता माझ्याकडं बघत राहिला. मी वेळेवर बोललो असतो तर ती सुई लागली नसती. ते बघणं आजही डोळ्यांसमोर आलं की मी हातातलं काम थांबवतो.

रक्त काढून झाल्यावर बोललो. "मॅडम, ती हळद हाय. मी लावली. भंडारा."

मॅडमनी कापूस ओला करून कानातनं फिरवला. कापूस पिवळा झाला. मग त्यांनी माझी बोटं बघितली, नखांच्या कडा अजून तशाच होत्या. मी हात मागं घेतला.

"आणि ओकला ते खोबरं," मी म्हणालो.

फोन काकूंच्या हातात होता, ताईंनी सगळं ऐकलं. "आई, तुला कळत नाहीये का? तू गेलीस की त्याचं राहणं गेलं, जेवण गेलं. एवढं बजावून सांगितलं होतं. मुद्दाम केलंय त्यानं."

मी काकूंकडं बघितलं. त्या फोनकडंच बघत होत्या. त्यांनी नाही म्हणायला हवं होतं असं मला वाटलं, आणि त्याच वेळी मला आठवलं की मी त्याच्या कानात काय बोललो होतो. माघारी ये. चटईवर पडल्यापडल्या माझ्या मनात जे चालायचं तेही आठवलं. मुद्दाम केलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकलो असतो का? मला त्या घडीला नीट माहीत नव्हतं. म्हणून मी खाली बघितलं, आणि खाली बघणारा माणूस कसा दिसतो ते सगळ्यांना माहीत आहे.

मॅडमनी काकूंच्या हातातला फोन घेतला. "हे बघा, कुत्रं मी तपासते. रक्ताचा रिपोर्ट संध्याकाळपर्यंत येईल, मग बोलू. पोराबद्दल तुमच्या आईंना विचारा. त्या रोज त्याच्या हातचा चहा घेतात." आणि फोन परत देऊन मला म्हणाल्या, "चल, मागं नळ आहे."

दवाखान्याच्या मागच्या मोरीवर त्यांनी बाह्या वर केल्या आणि तांबड्याला माझ्याबरोबर धुवायला बसल्या. बाहेर माणसं मांजरं घेऊन थांबली होती. मी म्हणालो, मॅडम मी करतो, तुमी जावा. त्या गेल्या नाहीत. तेलाच्या बोळ्यानं हिरड्या पुसल्या, कानाच्या घड्या पुसल्या. पाणी पिवळं वाहत होतं.

"एवढा लावतात होय? पोतं रिकामं केलंस की," त्या म्हणाल्या.

"लांब चाललाय म्हणून."

थोड्या वेळानं मी म्हणालो, "मॅडम, ताई म्हणत्यात ते अगदीच खोटं न्हाय. लावताना मी त्याला माघारी ये म्हणालो."

त्यांनी हात थांबवला नाही. "घरातनं निघताना तू जातो म्हणतोस का कधी?"

"न्हाय. येतो म्हणतो."

"मग? जाणाऱ्याला आणि काय म्हणायचं असतं? शेपूट धर, इकडं राहिलंय."

मला त्यांच्याकडं वर बघता आलं नाही. ताईंनी मला वाईट म्हटलं ते सोसलं होतं. हे चांगलं बोललेलं सोसेना. मी तांबड्याच्या पाठीवर पाणी ओतत राहिलो, माझं तोंड ओलं झालं ते पाण्यानंच असं त्यांना वाटावं म्हणून.

संध्याकाळी रिपोर्ट आला. काविळीचं काही नव्हतं. मॅडमनी तांबड्याला परत टेबलावर घेतलं, पुन्हा सगळं नीट तपासलं आणि कागदावर सही केली. ताईंना फोन करून म्हणाल्या, "फिट आहे. जरा देवाचं झालं होतं अंगावर, उतरलं." पलीकडं ताई काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही. मॅडम म्हणाल्या, "नाही, पोरानं कुत्र्याला हातच लावायचा नाही म्हणालात तर पिंजऱ्यात कोण घालणार? तुम्ही येताय का?"

परत येताना रिक्षात काकू बाहेर बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला पण क्षणभर वाटलं रे तसं."

"मलाबी वाटलं, काकू," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडं बघितलं. उतरताना हात माझ्याच खांद्यावर ठेवला.

निघायच्या दिवशी दारात गाडी आली. तांबडा हाक मारायच्या आधीच पिंजऱ्यात जाऊन माझ्या घोंगड्यावर बसला, आणि मला वाटलं हा तरी कशाला एवढा शहाणा झाला. काकू पायरीवर थांबल्या. "त्या पुडीत उरलाय का काही?"

"हाय थोडा."

"मला लाव. मला कुणी तपासणार नाही."

मी बोटभर त्यांच्या कपाळाला लावला. काय म्हणायचं असतं ते म्हणायला तोंड उघडलं, पण माघारी ये असं काकूंना कसं म्हणायचं? त्याच म्हणाल्या, "येते रे." गाडी गेली. मी किल्ली शेजारी दिली.

त्याच आठवड्यात मॅडमनी बंगळूरच्या या ठिकाणी फोन केला. इथं लोकांची कुत्री परदेशी पाठवायला तयार करतात. चिप, लस, पिंजऱ्याची सवय. म्हणजे ज्या कामात मी तोंडावर पडलो तेच काम. मालकांना त्या म्हणाल्या होत्या, हा पोरगा कुत्र्याच्या अंगाला काय लावू नये ते जन्मात विसरणार नाही. हे मालकांनीच मला हसत सांगितलं. मी पण हसलो, पण रात्रभर चैन पडलं नाही. अजूनही कुठलाही कुत्रा आला की मी आधी त्याचे कान बघतो, आणि त्याच्या आधी माझी नखं.

ताई अधूनमधून तांबड्याचा फोटो पाठवतात. तिथं बर्फ असतं. तो माझ्या घोंगड्यावरच झोपतो म्हणे. ताई माझ्याशी नीट बोलतात, आणि त्या नीट बोलल्या की मला जास्त लाजायला होतं.

मॅडमचं कसं फेडायचं याचा मी लई विचार केला. पैसे त्या घेणार नाहीत. पण त्या दिवशी मोरीवर तांबड्याला पुसताना त्या सहज बोलून गेल्या होत्या, "तुमच्या मेंढक्यांची कुत्री मला एकदा सुईखाली हवी आहेत. दोनदा लसीचं शिबिर घेतलं, एक माणूस आला नाही." का येत नाहीत ते मला माहीत आहे. अनोळखी माणसाच्या हातातली सुई आमच्या लोकांना नको असते, आणि कुत्र्याला दोरी बांधून न्यायचं म्हणजे कमीपणा वाटतो. पण आमच्या हाकेला कुत्री येतात. आईचा कळप, चुलत्यांचे कळप, मामाचे, ज्यांचा ज्यांचा वाडा, म्हणजे मेंढरांचा मुक्काम, कुठं पडतो ते मला माहीत आहे. एक दिवस मी रजा घेऊन येईन, मॅडमना गाडीत बसवून रानात नेईन, आणि एकेक कुत्रं हाक मारून त्यांच्या पुढ्यात आणून बसवीन. आधी त्यांची सुई. भंडारा मी नंतर लावीन, चिमूटभरच.