रिक्षातल्या मावशी

ज्यांचं नावही मी विचारलं नाही, त्यांच्याविषयी लिहितोय, माफ करा. मेनफ्रेमवर, म्हणजे ऑफिसच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, मी लिहिलेली स्क्रिप्ट खास परवानगी लागणाऱ्या अधिकृत प्रोग्रॅमला बोलावताना अडत होती. दुसऱ्या दिवशी चालली नाही तर मला प्रशिक्षणातून काढणार होते. त्या संध्याकाळी बोईसरहून मुरब्याला जाणाऱ्या रिक्षात शेजारी बसलेल्या अनोळखी मावशींनी माझ्या हातातला स्क्रिप्टचा कागद मागितला. काटा शोधावा तसं त्यांनी ओळींवरून बोट फिरवलं.

"प्रोग्रॅमला थेट बोलावतोस, म्हणून अडते. सिस्टीमच्या कॉल कमांडनं बोलव. प्रोग्रॅमचं नाव परवानगीच्या यादीत हाय का बघ."

"यादी साहेबांकडं हाय, मावशी."

"मंग विचार की. लाजतोस कशाला?"

विचारलं. स्क्रिप्ट चालली. आभार मानायला मी रोज स्टँडवर थांबायचो. महिन्याने रिक्षावाल्याकडून कळलं, आम्ही रिक्षात भेटलो त्याच दुपारी त्यांच्या कंपनीने मावशींना कॉम्प्युटर विभागातल्या नोकरीवरून काढलं होतं.