तहकूब सभेत बंद झालेला डोंगर

आमच्या गावचा डोंगर वनखात्याचा. त्याची राखण गावानं आणि खात्यानं मिळून करायची, चराईबंदी करायची, झाडं लावायची, यासाठी समिती नेमायला ग्रामसभा बोलावली ती मार्गशीर्षात. जामखेडकडच्या आमच्या भागात मार्गशीर्षात निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं. सभा बोलावणाऱ्यांना हे ठाऊक होतं.

मी चुलतीबरोबर सभेला गेलो. तिचा मुलगा आणि सून फडावर होती. त्यांच्या शेळ्या ती सांभाळत होती आणि शेळ्या डोंगरावर जगत होत्या.

गणपूर्तीएवढी माणसं जमली नाहीत. सभा तहकूब झाली, चहा झाला. अर्ध्या तासानं त्याच सतरंजीवर तीच सभा पुन्हा सुरू झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. बसलेल्या बहुतेकांच्या विहिरींना पाणी होतं, दावणीला हिरवा घास होता. त्यांची जनावरं डोंगरावर जातच नव्हती.

चुलती उठली. "सायेब, तोडकरी पाडव्याला येत्यात. तवर थांबा."

"आजी, मार्चनंतर निधी परत जातो," वनपाल म्हणाले.

"मग डोंगराचं एक अंग तरी चराया सोडा."

"काकू, तुमच्या शेळ्यांनाच समितीवर घेऊ का?" सरपंचांनी विचारलं. सभा हसली.

"घ्या की. त्या तरी गावात हाईत."

पुन्हा हसणं झालं आणि हात वर झाले. चुलतीचा हात मांडीवरच होता. ठराव सर्वानुमते मंजूर झाल्याचं सरपंचांनी जाहीर केलं. वनपालांनी लोकसहभागाबद्दल गावाचे आभार मानले.

डोंगर बोडका झाला होता, झाडं हवीच होती. पण ज्यांचं पोट त्या डोंगरावर, ते परमुलखात असताना घेतलेल्या संमतीला लोकसहभाग म्हणणं ही लबाडी आहे.

महिनाभरात पायवाटेवर आडवे चर खोदले गेले. विकतचा चारा परवडेना. चुलतीनं दोन शेळ्या ठेवून बाकीच्या जामखेडच्या बाजारात विकल्या.

पाडव्याला मुलगा परतला. मीही गावीच होतो. त्यानं दोनच शेळ्या उरलेला गोठा पाहिला, सगळं ऐकून घेतलं.

"आये, तू हुतीस ना सभेला?"

"हुते. म्हनून तर मलाबी मोजलं."

दुसऱ्या दिवशी त्यानं त्या दोन शेळ्या चर ओलांडून डोंगरावर नेल्या. दुपारी वनरक्षकानं त्याला पकडलं. समिती झाल्यापासूनची ती पहिली कारवाई.