दाजींची उतरत्या छताची गाडी

आमच्या दाजींसारखं गिऱ्हाईक जालना जिल्ह्यात दुसरं झालं नसेल, आणि दुकानदारांना विचाराल तर होऊही नये. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. वडीगोद्रीच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. वस्तू ज्या कामाला घ्यायची ते काम दुकानातच करून बघायचं, हा त्यांचा नियम. जुन्या जालन्यात छत्री घेताना त्यांनी दुकानदाराला तिच्यावर घागरभर पाणी ओतायला लावलं आणि स्वतः खाली उभे राहिले. पलंग घ्यायला गेले ते दुपारी पोटभर जेवून, आणि दुकानातच घोरू लागले. त्यांना उठवायचं कुणी, यावर मालक आणि नोकर हलक्या आवाजात चर्चा करत होते. जागे झाल्यावर दाजी गंभीरपणे म्हणाले, "कमरेला बराबर हाये, पण उशाकडून करकरतो," आणि दुसरा पलंग मागितला. यात थट्टेचा लवलेश नसे. त्यामुळे त्यांच्या घरातली प्रत्येक वस्तू दणकट होती आणि, खरं सांगायचं तर, एकही देखणी नव्हती.

मग अक्काच्या किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी आठवड्यातून दोनदा जालन्याला जायचं, तेही भाड्याच्या जीपनं. दाजी तिला मागच्या सीटवर आडवी करत, अंगावर चादर घालत आणि सगळी वाट मान मागे वळवून तिच्याकडे बघत राहत. काही महिन्यांनी त्यांनी स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं. अक्काला आणि मला सोबत घेतलं. गादी, उशी आणि चादरही घेतली.

शोरूममध्ये त्यांनी आधीच हेरून ठेवलेली सेडान होती. छोटी, पांढरी, डिकी मोठी, मागची सीट ऐसपैस. दाजींनी मागे गादी अंथरली, चप्पल बाहेर काढून ठेवली, डोक्यावरून चादर ओढून आडवे झाले आणि विक्रेत्याला म्हणाले, गाडी खड्ड्यांतून घ्या. तो बिचारा घेऊन गेला. परत आल्यावर दाजी चादरीतून बाहेर आले ते समाधानानं. पाठीला एकही दणका लागला नव्हता.

पण अक्का आम्ही बसवलेल्या खुर्चीवर नव्हती. ती पलीकडच्या लाल गाडीत, पुढच्या सीटवर बसली होती. बुटकी, ऐटबाज गाडी. छत मागे घसरगुंडीसारखं उतरत गेलेलं. विक्रेत्यानं प्रामाणिकपणे सांगितलं की ही कूपेच्या, म्हणजे दोघांपुरत्या बुटक्या गाडीच्या, धर्तीची आहे, दिसायला छान, पण मागे बसणाऱ्याचं डोकं छताला टेकतं. आजारी माणसाला सोयीची नाही. दाजींनी मान डोलावली आणि अक्काला उतरायला हात दिला. अक्का उतरली नाही.

"तुम्ही मला मागं निजवून नेऊन राह्यले," ती म्हणाली. "जाताना छत, येताना छत. रस्ता दिसत न्हाई, तुम्ही दिसत न्हाई. मी अजून माणूस हाये, गाठोडं न्हाई."

"मंग त्या पांढरीत बी पुढंच बस की."

"तिच्यात मागं जागा हाये. जागा असली की तुम्ही निजवणारच."

दाजींनी पांढरीतली गादी काढून गुंडाळली. विक्रेत्यानं विचारलं, ही पण चालवून बघता का? ते म्हणाले, "बिलकुल न्हाई. हीच द्या." छत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी न पारखता घेतलेली ही पहिली वस्तू.

गाडी गावात आली. विहारासमोर उभी करून दोघांनी मेणबत्ती लावली, वंदना घेतली. नातेवाईक हसले. मास्तरांना म्हातारपणी काय सुचलं, अशी बोलणी झाली. मलाही मनातून पांढरीच पटत होती. पण त्यानंतर जालन्याच्या रस्त्यावर अक्का पुढे ताठ बसलेली दिसू लागली. कुणाच्या शेतात तूर आली, कुणी नवा गोठा बांधला, हे ती आम्हाला फोन करून सांगायची.

एका संध्याकाळी भाचीचा, अक्काच्या मुलीचा, फोन आला. दोघं जालन्याहून अजून परतले नव्हते आणि दाजी फोन उचलत नव्हते. मी अंकुशनगरहून मोटारसायकल काढली. वडीगोद्रीच्या फाट्यावर चहावाला म्हणाला, लाल गाडी मघाशीच आली, पण गावात न वळता शहागडच्या अंगाला गेली. मी तिकडेच निघालो.

गोदावरीच्या पुलाअलीकडे, एका लिंबाखाली गाडी उभी दिसली. काचा उघड्या. मी मोटारसायकल बंद करून धावत गेलो, तर दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. अक्काची सीट मागे कललेली होती, तोंड नदीकडे, आणि तिला गाढ झोप लागली होती. दाजी घामानं भिजले होते, पण आवाज नको म्हणून एसीसाठीही इंजिन सुरू केलं नव्हतं आणि फोनही मुका करून ठेवला होता.

"डायलिसिसच्या दिवशी तिला झोप येत न्हाई," ते पुटपुटले. "नदी बघू म्हणाली म्हणून आल्तो. बघता बघता लागली."

मी हळूच मागे फिरलो. भाचीला निरोप द्यायचा होता, पण तिथे बोलायचा धीर झाला नाही. मोटारसायकल चालू न करता, हातानं ढकलत, मी रस्त्याच्या वळणापर्यंत नेली.