टिंबानंतरचे पंचवीस

१२ जून, गुरुवार. लेक सकाळी सातला कारखान्यात गेली. बाळाच्या हृदयाच्या औषधाचा डोस बदलला, डॉक्टरांनी चिठ्ठीवर ०.३ खोडून ०.२५ मिली केलंय. पडद्यांचं कापड बेतून झालं. औषध चार वाजता.

मापांच्या वहीत एवढं लिहून टेलरकाकूंनी पेन्सिल खाली ठेवली आणि चिठ्ठी पुन्हा वाचली. काल पॉइंट तीन होतं, आज पॉइंट पंचवीस. तिनाचे एकदम पंचवीस? चपला घालता घालता लेक म्हणाली होती, "आई, कमी केलंय हं." की वाढवलंय म्हणाली? आता काही केल्या आठवेना. तिचा फोन सहापर्यंत कारखान्याच्या कपाटात बंद. दवाखान्याचा तर लागतच नव्हता.

पावणेचारला शेजारची वहिनी डोकावली. काकूंनी तिला चिठ्ठी दाखवली.

"अहो, पंचवीस म्हणजे अडीच. या चिमुरड्या सिरिंजमध्ये कुठे मावणार? मोठी घ्या."

"पण एवढंसं बाळ, वहिनी."

"सबंध गल्लीचे कपडे कापता आणि एका टिंबाला घाबरता? डॉक्टरांना कळतं ना." तिने स्वतःच मोठी सिरिंज अडीचपर्यंत भरली, टेबलावर ठेवली आणि दूध उतू जाईल म्हणून लगबगीने घरी गेली.

बाळ जागं होतं. काकूंनी त्याला मांडीवर घेतलं. सिरिंज ओठांपाशी नेली, आणि हात तिथेच थिजला. काल एवढंसं थेंबभर औषध, आज हे बोटभर. चुकलं तर परत घेता येणार नाही. कापड चुकलं तर जोड लावता येतो.

कापड. बाळाला थोपटत त्या पुटपुटू लागल्या. दुकानात आपण म्हणतो, पाव मीटर अस्तर द्या. तो मशीनवर काय मारतो? पॉइंट पंचवीस. पंचवीस सेंटीमीटर. आणि पॉइंट तीन मागितलं तर? तीन सेंटीमीटर नाही देत तो. तीस देतो. टिंबानंतरचा पहिला आकडा दहा-दहाच्या वाटणीचा. म्हणजे तीन हे तीस, आणि पंचवीस त्याहून कमी.

त्यांनी मोठी सिरिंज बाजूला ठेवली. छोटी घेतली. पॉइंट दोन आणि पॉइंट तीनच्या रेघांच्या बरोब्बर मध्ये औषध आणलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं, आणि दिलं.

तरी भीती काही गेली नाही. घड्याळाचा काटा पुढे सरकेना. बाळ झोपलं तशा त्या त्याच्या छातीवर तळवा ठेवून बसून राहिल्या. श्वास जरा लांबला की त्यांचाच जीव वरखाली.

साडेसहाला लेक आली. टेबलावरची भरलेली सिरिंज बघून ती दारातच थांबली.

"आई, किती दिलंस?"

"पाव."

"पाव किती?"

"पाव मिली. छोट्या सिरिंजने, पॉइंट दोन आणि पॉइंट तीनच्या मध्ये. ते टेबलावरचं दिलं नाही."

लेकीने छोटी सिरिंज उचलून तिच्या रेघा पाहिल्या. मग म्हणाली, "बरोबर दिलंस," आणि तिने मोठी सिरिंज मोरीत रिकामी केली.

रात्रीच्या जेवणाआधी काकूंनी वही पुन्हा उघडली, ०.२५ च्या पुढे 'पाव' लिहिलं आणि त्याखाली लिहिलं: मोरीचा नळ गळतो आहे, वॉशर आणायचा.